छोट्या विमानात आइस प्रोटेक्शन आणि इंजिन कंट्रोल अपग्रेड: आधी क्रम ठरवा, मग खरेदी करा

एकच चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की शेवटी सगळं एका जागी लिहायचं ठरवलं. लोक आधी किट घेतात. पंखांवर बर्फ धरू न देणारे पॅनल येतात, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा येतो, विमान हँगरमध्ये उघडून पडतं आणि मग कळतं की इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला हे सगळं झेपणारच नाही, किंवा दोन अपग्रेडचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा आधीच्या मालकाने ग्लास कॉकपिट (जुन्या घड्याळांऐवजी डिजिटल स्क्रीन) बसवताना व्हॅक्यूम पंप काढून टाकलाय आणि आता पंखांच्या कडेवरचे रबरी बूट (फुगून बर्फ फोडणारे) फुगवायला हवाच उरलेली नाही. दुसरी चूक याहून वाईट आहे, ती म्हणजे बर्फाची सिस्टिम लागली म्हणजे बर्फात जायची परवानगी मिळाली असं समजणं.

माझं म्हणणं एवढंच की बर्फाची सिस्टिम आणि इंजिन कंट्रोल ही दोन वेगळी कामं दिसली तरी विमानात ती एकाच वायरिंगवर आणि एकाच बॅटरीवर उभी असतात, म्हणून आधी वीज, मग इंजिन आणि शेवटी बर्फ हा क्रम सोडू नका. हा लेख सर्टिफाइड पिस्टन विमान डोळ्यापुढे ठेवून लिहिलाय. प्रत्यक्ष काम लायसन्सवाला इंजिनिअरच करणार आणि सही पण त्याचीच, पण काय विचारायचं आणि काय तपासायचं हे मालकाला माहीत असलंच पाहिजे.

## १. तुम्हाला नक्की काय हवंय ते कागदावर लिहा

बर्फाच्या सिस्टिम दोन प्रकारच्या मंजुरीने येतात आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली "नो हॅझार्ड" मंजुरी. यात एवढंच सिद्ध केलेलं असतं की ही सिस्टिम बसवल्याने विमानाला नवा धोका होत नाही. ती बर्फात किती टिकते हे मंजुरीसाठी तपासलेलं नसतं. चुकून बर्फात सापडलात तर बाहेर पडेपर्यंत वेळ मिळावा यासाठी ती आहे. दुसरी "नोन आयसिंग" मंजुरी, लोक फिकी (फ्लाइट इनटू नोन आयसिंग) म्हणतात ती. यात विमान खऱ्या बर्फात उडवून तपासलेलं असतं आणि नुसते पंखांचे पॅनल पुरत नाहीत, स्टॉल वॉर्निंगला (पंखाची उचल सुटण्याआधीच्या इशाऱ्याला) हीट, समोरच्या काचेची सोय, प्रोपेलरची सोय, पंपाला जोडीदार पंप आणि बऱ्याच मॉडेलमध्ये विजेचा दुसरा स्रोत असं अख्खं पॅकेज लागतं.

नो हॅझार्ड सिस्टिमला नंतर एखादा पंप जोडून फिकी करता येत नाही, ती वेगळी मंजुरी आहे आणि फक्त ठराविक मॉडेलनाच मिळते, म्हणून तुमच्या मॉडेलला आणि सिरियल नंबरला काय मिळतं हे सगळ्यात आधी विचारा.

फिकीलाही हद्द आहे हे लक्षात ठेवा. ज्या ढगांच्या मोजमापावर हे सर्टिफिकेशन उभं आहे त्यात पाण्याच्या थेंबांचा आकार साधारण ५० मायक्रॉनपर्यंतच धरलाय. फ्रीझिंग रेन आणि फ्रीझिंग ड्रिझल (लागताच गोठणारा पाऊस आणि भुरभुर) यांचे थेंब त्याच्या कितीतरी मोठे असतात, ते लीडिंग एजवर (पंखाच्या पुढच्या कडेवर) थांबत नाहीत, मागे वाहत जातात आणि जिथे कुठलंच संरक्षण नाही तिथे गोठतात. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर ७२ पडलं त्यात हेच झालं, बूट चालू होते, बर्फाची कड बूटांच्या मागे एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपेच्या) पुढे तयार झाली आणि ६८ माणसं गेली. ते तर दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं प्रवासी विमान होतं, आपलं एका पिस्टन इंजिनाचं आहे.

इंजिनच्या बाजूलाही असंच नीट लिहून काढा. "इंजिन कंट्रोल अपग्रेड" म्हणताना लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: नुसता इंजिन मॉनिटर, एका मॅग्नेटोच्या (इंजिनावर फिरून स्पार्क देणाऱ्या यंत्राच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, किंवा पूर्ण फॅडेक, म्हणजे एकच लिव्हर आणि इंधन, टायमिंग, प्रोपेलर सगळं कॉम्प्युटरकडे. तिसरं सहसा अख्खं इंजिन बदलूनच येतं, बहुतेक वेळा डिझेल. बाकी दोन तुमच्या आहे त्या इंजिनावर होतात. विजेवरचं अवलंबित्व तिन्हीत फार वेगळं आहे, मॉनिटर बंद पडला तर इंजिन चालूच राहतं, फॅडेकची वीज गेली तर राहत नाही.

तपासा: तुमच्या कागदावर तीन ओळी हव्यात. मला बर्फातून बाहेर पडायचंय की बर्फात उडायची कायदेशीर परवानगी हवीय, इंजिनवर नक्की काय बदलतंय, आणि वीज गेली तर इंजिन किती वेळ चालायला हवं.

## २. एसटीसी एकमेकांशी जुळतात का बघा

प्रत्येक मोठ्या बदलाला एसटीसी (सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे बदलाची मंजुरी) लागते आणि जवळपास प्रत्येक एसटीसीत एक वाक्य असतं जे कोणीच वाचत नाही, की आधी झालेल्या बदलांशी हा बदल जुळतो की नाही हे बसवणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे पॅनलवाल्याने आणि इग्निशनवाल्याने आपापलं तपासलंय, पण तुमच्या विमानात दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं हे दोघांनीही तपासलेलं नाही, ती जबाबदारी तुमच्या इंजिनिअरवर येते.

म्हणून पहिल्या पानापासून लॉगबुक घेऊन बसा आणि विमान कारखान्यातून बाहेर पडल्यापासून झालेला प्रत्येक बदल एका यादीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, अख्खा दिवस जातो, पण पुढचे सगळे घोळ याच यादीत सापडतात. ही ठिकाणं खास बघा:

- प्रोपेलर बदललाय का? इलेक्ट्रॉनिक इग्निशनने स्पार्कचं टायमिंग बदलतं, त्याने क्रँकशाफ्ट आणि प्रोपेलरची थरथर बदलते, आणि प्रत्येक प्रोपेलर प्रत्येक इग्निशनबरोबर मंजूर नसतो. प्रोपेलरवरची बर्फाची सिस्टिमही ठराविक हब आणि ब्लेडलाच बसते. एकाच प्रोपेलरला दोन्हीकडून हो यायला हवं.
- व्हॅक्यूम पंप आहे का? न्यूमॅटिक बूट त्याच हवेवर चालतात.
- पंखांवर व्होर्टेक्स जनरेटर (हवा पंखाला धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या) किंवा स्टॉल किट आहे का? लीडिंग एजवर पॅनल बसवायचे असतील तर हे दोन एकत्र चालतात हे लेखी घ्या.
- टर्बो नंतर लावलाय का? बऱ्याच इलेक्ट्रॉनिक इग्निशनना टर्बो इंजिनावर टायमिंग पुढे सरकवायची परवानगी नसते, फिक्स्ड टायमिंगवरच वापरावं लागतं, आणि मग ज्या फायद्यासाठी ते घेतलं तो अर्धा गेलेलाच असतो.

इशारा: "दुसऱ्या विमानात दोन्ही एकत्र बघितलेत" हे उत्तर चालत नाही. मंजुरी तुमच्या सिरियल नंबरची लागते.

## ३. विजेचा हिशोब

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा शेवटी ढकललं जाणारं काम आहे, म्हणून यावर जरा जास्त वेळ थांबतो.

जुन्या आणि भरवशाच्या नियमाप्रमाणे सतत चालू राहणारा लोड अल्टरनेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा. उरलेले २० टक्के स्टार्ट झाल्यावर बॅटरी परत भरायला आणि अडीअडचणीला.

एक नमुना घेऊ. १४ व्होल्टची सिस्टिम, ६० अँपिअरचा अल्टरनेटर, म्हणजे तुमच्या हातात ४८. समजा रेडिओ, जीपीएस, ट्रान्सपाँडर, डिस्प्ले मिळून १४, सगळे लाइट ६, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीची हीट) ९. झाले २९, अजून निवांत आहोत. आता प्रोपेलरला इलेक्ट्रिक हीट जोडली आणि ती समजा २२ घेते. झाले ५१. तीन अँपिअरने हद्द ओलांडली आणि अजून इलेक्ट्रॉनिक इग्निशन धरलेलं नाही, फ्युएल पंप धरलेला नाही, कॉकपिटमधला हीटरचा पंखा धरलेला नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे आकडे क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक सर्किटवर प्रत्यक्ष मोजा. ब्रेकरवर छापलेला आकडा म्हणजे लोड नव्हे, तो वायर जळू नये म्हणून आहे.

हा हिशोब एकदा करून भागत नाही, चार वेगवेगळ्या परिस्थितींत करा:

एक, रात्रीची क्रूझ, सगळं चालू. दोन, रात्र, ढग, बर्फ, म्हणजे पिटो, प्रोपेलर, काच, स्टॉल वॉर्निंग सगळी हीट एकदम. तीन, तेच सगळं पण अप्रोचवर, कारण तिथे आरपीएम कमी असतो आणि कमी आरपीएमला अल्टरनेटर पूर्ण ताकद देतच नाही, नेमके लँडिंग लाइट आणि गिअरची (चाकं वर-खाली करणारी) मोटर पण तेव्हाच लागतात. चार, अल्टरनेटर मेला आणि फक्त बॅटरी उरली.

चौथ्या परिस्थितीत बसूनच दोन्ही अपग्रेडचा एकत्र विचार करायचा असतो. मॅग्नेटोला बाहेरची वीज लागत नाही, तो स्वतःच वीज तयार करतो, म्हणून जुन्या विमानात अल्टरनेटर गेला तरी इंजिनाला फरक पडत नव्हता. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा फॅडेक आल्यावर हे गणित बदलतं. एक मॅग्नेटो शिल्लक असेल तर इंजिन चालू राहील, थोडी पॉवर कमी होईल. मॅग्नेटो राहिलाच नसेल तर बॅटरी म्हणजेच तुमचं इंजिन आणि त्याच बॅटरीतून पिटो हीट आणि रेडिओ पण खातायत.

४ मार्च २००७ ला जर्मनीत श्पायरला डायमंड डीए ४२ चं जे झालं ते या कामाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. दोन डिझेल इंजिनं, दोन्ही फॅडेकवर. बॅटरी उतरलेली होती, बाहेरच्या पॉवरने दोन्ही इंजिनं सुरू केली आणि टेकऑफ केला. गिअर वर घेतला तसा हायड्रॉलिक पंपाने करंट ओढला, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले, प्रोपेलर फेदर झाले (पाती वाऱ्याला समांतर वळली) आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद. मेकॅनिकली दोन्ही धडधाकट होती. फ्लाइट मॅन्युअलमध्ये एक इंजिन विमानाच्या स्वतःच्या बॅटरीने सुरू करायला सांगितलेलं होतं, कारण तीच बॅटरीची परीक्षा होती. पुढे त्या सिस्टिमला कॉम्प्युटरसाठी वेगळी बॅकअप बॅटरी आली.

तपासा: हिशोबात लोड हद्दीबाहेर गेला तर आधी मोठा अल्टरनेटर किंवा दुसरा अल्टरनेटर, त्याची मंजुरी, त्याच्या जाड वायर आणि ब्रेकर, मग बाकीची ऑर्डर. हा हिशोब सहीसकट फाइलला लागल्याशिवाय कोणाला ॲडव्हान्स देऊ नका.

## ४. आहे ते विमान आधी धड करा

नवीन इलेक्ट्रॉनिक्स जुन्या वायरिंगवर बसवलं की दोष नव्या डब्याला मिळतो. डबा परत जातो, बदलून येतो, तरी तेच. बऱ्याच वेळा दोष ग्राउंडिंगमध्ये असतो.

इंजिन रबरच्या माउंटवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि एअरफ्रेम यांच्यामध्ये एक जाळीदार पट्टी असते, ग्राउंड स्ट्रॅप. ती वर्षानुवर्षं तेलात भिजते, टोकाला हिरवी पडते, आतल्या तारा तुटतात. बाहेरून ठीक दिसते, ओहममीटरवर पण ठीक दाखवते, कारण मीटर फार कमी करंट सोडतो. खरी परीक्षा लोडवर होते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला, दुसरं इंजिनच्या केसवर खरवडून घेतलेल्या उघड्या धातूला, मिक्स्चर (इंधनाची लिव्हर) बंद, दोन्ही मॅग्नेटो बंद, प्रोपेलरपाशी कोणी नाही, आणि एकाने स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवायचा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, तो शोधा. स्ट्रॅप खराब असला की स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या केबलमधून किंवा प्रायमरच्या (सुरू करताना इंधन सोडणाऱ्या) नळीतून वाट काढतो, केबल आतून भाजलेली मी स्वतः हातात घेऊन बघितली आहे, बाहेरचं आवरण बारीक सुरकुतलेलं आणि आतली तार निळसर पडलेली. त्या स्ट्रॅपवर तुम्ही इंजिनचा कॉम्प्युटर बसवणार आहात.

बॅटरीची कॅपॅसिटी टेस्ट करून घ्या. इंजिन सुरू होतं म्हणजे बॅटरी चांगली असं नसतं, स्टार्टरला काही सेकंद लागतात, तुम्हाला अर्धा तास हवाय.

मग इंजिनची आत्ताची तब्येत लिहून ठेवा: कॉम्प्रेशन, तेलाचा खर्च, प्रत्येक सिलिंडरचं सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) आणि ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) एकाच उंचीवर एकाच पॉवरला, मॅग्नेटो ड्रॉप (एक मॅग्नेटो बंद केल्यावर आरपीएम किती पडतो ते). इंजिन मॉनिटर घ्यायचा असेल तर तो सगळ्यात आधी लावा आणि काही तास नुसते उडून डेटा जमवा. आधीचे आकडेच नसतील तर नंतर काय बदललं हे कशावरून सांगणार?

## ५. इंजिन कंट्रोल बसवणं

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं उदाहरण धरतो कारण जास्त लोक तेच करतात.

वीज थेट बॅटरीवरून. कॉकपिटमध्ये धूर झाला तर तुम्ही मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करणार, तेव्हा इंजिन बंद पडता कामा नये, म्हणून इग्निशनची वायर मास्टरच्या आधी, स्वतःच्या फ्यूज किंवा ब्रेकरमधून थेट बॅटरीवरून येते. कुठल्याही बसवर सोयीचं म्हणून जोडू नका, मॅन्युअल सांगेल तिथेच.

इशारा: आता मास्टर बंद असतानाही इग्निशन जिवंत असू शकतं. पी-लीड (इग्निशन बंद करणारी वायर) तुटली असेल तर प्रोपेलर हाताने हलवताना इंजिन फायर होऊ शकतं. हँगरमधल्या प्रत्येकाला हे सांगा आणि प्रोपेलर नेहमी जिवंत समजा.

कुठला मॅग्नेटो काढताय? बऱ्याच इंजिनांत एकाच मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग असतं, ते स्टार्टच्या वेळी स्पार्क उशिरा देतं. तोच काढला आणि राहिलेला मॅग्नेटो स्टार्टच्या वेळी चालू राहिला तर तो २० किंवा २५ अंश आधीच स्पार्क देतो, इंजिन उलटा झटका मारतं आणि स्टार्टर फुटतो. किल्लीच्या स्विचमागे एक छोटा जंपर असतो, तो ठेवायचा की काढायचा हे कुठला मॅग्नेटो राहिला त्यावर ठरतं. एवढीशी पट्टी आहे, पण फुटलेले स्टार्टर बघितले तर कारण बऱ्याचदा हेच निघतं.

टायमिंग. इंजिनच्या डेटा प्लेटवर जे आहे तेच बेस टायमिंग. व्हेरिएबल टायमिंगची सिस्टिम असेल तर मॅनिफोल्ड प्रेशरची (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाची) नळी लागते, ती गळत असेल तर कॉम्प्युटरला चुकीचं प्रेशर दिसतं आणि तो स्पार्क भलतीकडे नेतो. ज्या इंजिनला व्हेरिएबल मंजूर नाही तिथे सेटिंग फिक्स्डवरच आहे ना हे दोन माणसांनी बघून दोघांनी सही करा.

प्लग. इलेक्ट्रॉनिक बाजूला बऱ्याचदा जास्त गॅप सांगतात, मॅग्नेटोच्या बाजूला जुनाच साधारण ०.०१६ ते ०.०२१ इंच. पुढच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी सवयीने वरचे प्लग खाली फिरवतो आणि मग उंचीवर मॅग्नेटो मिसफायर करायला लागतो. ट्रेवर दोन रंगांच्या खुणा करून ठेवा.

रन-अप, म्हणजे टेकऑफआधीची इंजिनची चाचणी. जुना नियम होता की ड्रॉप अमुक, म्हणजे लायकॉमिंगच्या बऱ्याच इंजिनांना १७५ आरपीएमच्या आत आणि दोन बाजूंतला फरक ५० च्या आत. आता दोन बाजू वेगळ्या जातीच्या आहेत, फरक मोठा दिसणारच, म्हणून नवे आकडे सप्लिमेंटमधून (फ्लाइट मॅन्युअलच्या पुरवणीतून) घ्या आणि चेकलिस्टमध्ये खाडाखोड न करता नीट छापा.

फॅडेकवाल्यांनी एवढं करा: दोन्ही चॅनेलचा सेल्फ टेस्ट प्रत्येक उड्डाणाआधी, टेस्टमध्ये एकदा जरी लाइट राहिला तरी "परत करून बघू, गेला तर निघू" असं नाही. बॅकअप बॅटरीची तारीख मुख्य बॅटरीपेक्षा वेगळी असते, तिची वेगळी नोंद ठेवा.

## ६. इंजिन एकट्याने उडवा, बर्फाला अजून हात नको

इथे लोकांना घाई होते, विमान उघडलेलंच आहे तर पॅनल पण लावून टाकू. नका करू. दोन बदल एकदम केले आणि काही बिघडलं तर कुठल्याने बिघडलं हे शोधण्यात तुम्ही दुप्पट दिवस घालवाल. दहा-पंधरा तास कोरड्या, स्वच्छ हवेत उडा. सीएचटी जुन्या आकड्यांशी ताडून बघा, टायमिंग पुढे गेलं की ते वाढतं, ४०० फॅरेनहाइट म्हणजे साधारण २०५ सेल्सिअसच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

याच वेळी इंजिनच्या स्वतःच्या बर्फाची सोय तपासून घ्या, कारण पंख साफ असतानाही इंजिन बर्फाने बंद पडू शकतं. कार्बोरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत हवा पसरताना तापमान इतकं पडतं की बाहेर २० अंश सेल्सिअस आणि दमट हवा असताना सुद्धा आत बर्फ धरतो. कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा) लावल्यावर आरपीएम पडलाच पाहिजे, पडला नाही तर कार्ब हीटचा फ्लॅप नीट बंद होत नाहीये किंवा पाइप फाटलाय. खरा बर्फ असेल तर कार्ब हीट लावल्यावर इंजिन आधी जास्त खडखडतं आणि मग सुधारतं, ती खडखड ऐकून घाबरून हीट परत बंद करणं ही नेहमीची आणि जीवघेणी चूक. इंजेक्शनवाल्या इंजिनाला कार्बोरेटर नाही, पण एअर फिल्टरवर बर्फ बसतो, म्हणून अल्टरनेट एअरचं (फिल्टर टाळून हवा घेणारं) दार हाताने उघडून बघा, वर्षभर न हललेलं दार नेमकं त्या दिवशी अडकतं.

तपासा: कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर असेल तर आरपीएम बघून बर्फ कळणार नाही, गव्हर्नर आरपीएम धरून ठेवतो. मॅनिफोल्ड प्रेशर हळूहळू उतरतंय का ते बघायचं.

## ७. बर्फाची सिस्टिम

टीकेएस, म्हणजे फ्लुइड पाझरवून बर्फ रोखणारी सिस्टिम. लीडिंग एजवर टायटॅनियमचे पॅनल, त्यात लेझरने पाडलेली भोकं, प्रत्येक साधारण ०.००२५ इंचाचं, एका चौरस इंचात सुमारे ८००. त्यातून ग्लायकॉलचं फ्लुइड पाझरतं आणि हवेने मागे पसरतं. हात फिरवला तर पॅनल गुळगुळीत लागतो, भोकं दिसतही नाहीत, म्हणूनच लोक त्याला साध्या पत्र्यासारखं वागवतात. पॅनलच्या आत एक पातळ मेम्ब्रेन असतो आणि थिनर, ॲसिटोन, एमईके असलं काही लागलं की तो खराब होतो. पॉलिश आणि वॅक्स भोकं बुजवतात. साबणाचं पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, बास. एका विमानाचं रंगकाम करताना पॅनल झाकले होते पण मास्किंग टेपचा चिकट थर काढायला कोणीतरी थिनरचा बोळा फिरवला, पुढच्या टेस्टला बाकी पंख ओला आणि मधला हातभर पट्टा कोरडा ठणठणीत. पॅनलच बदलावा लागला.

- फ्लुइड मंजूर तेच, सहसा डीटीडी ४०६बी. गाडीचं अँटीफ्रीझ किंवा विमानतळावर फवारतात ते डीआयसिंग फ्लुइड टाकीत घालू नका.
- एक लिटर साधारण १.१ किलो. ३० लिटर म्हणजे ३३ किलो, म्हणजे तेवढं पेलोड गेलं. बॅलन्सचं गणित टाकी भरलेली आणि टाकी रिकामी अशा दोन्ही वेळचं करा, उड्डाणात ती रिकामी होत जाते.
- बसवल्यावर हवा निघेपर्यंत सिस्टिम चालवा. दोन्ही पंख आणि दोन्ही स्टॅबिलायझर (शेपटीचे पंख) टोकापासून टोकापर्यंत ओले झाले पाहिजेत. एक बाजू ओली आणि एक कोरडी असेल तर बर्फ एकाच बाजूला धरेल, ते तर आणखी वाईट.

न्यूमॅटिक बूट. फुगवून प्रत्येक भाग हाताने चाचपा, बारीक भोकं फुगल्यावर हिसहिसतात. फुगल्यानंतर व्हॅक्यूमने परत घट्ट चिकटतात का बघा, नाहीतर उडताना आपोआप उचलले जातात. थोडा बर्फ जमू द्या मग फुगवा असं जुने लोक सांगायचे, नाहीतर फुगलेल्या बूटावर बर्फाचा पोकळ पूल होतो म्हणून. आताच्या बूटांना पहिला बर्फ दिसताच चालू करा हाच सल्ला आहे, तुमचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तरच वेगळं.

प्रोपेलर. इलेक्ट्रिक हीट असेल तर इंजिन बंद असताना ती चालू ठेवू नका, फिरत्या प्रोपेलरची हवा नसली की ब्लेडवरचे हीटर बूट आणि ब्लेड भाजतात. अँमीटरवर सायकल बघा, आकडा अर्धवट येत असेल तर ब्रश किंवा एखाद्या ब्लेडची वायर गेली आहे, आणि एका ब्लेडवर बर्फ राहिला की थरथर सुरू.

पिटो हीट हात लावून तपासताना चटका बसतो, उलट्या हाताने क्षणभर, आणि अँमीटर हललाय का ते बघा.

## ८. सगळं एकदम चालू करून जमिनीवरची परीक्षा

विमान बांधून, चाकांना चॉक लावून, इंजिन चालू. अप्रोचला असतो तेवढा आरपीएम ठेवा आणि हिशोबातली दुसरी आणि तिसरी परिस्थिती खरोखर उभी करा, एकेक स्विच लावत जा आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज लिहा. शेवटचा स्विच लावल्यावर बॅटरी डिस्चार्ज दाखवत असेल तर हिशोब चुकला, परत पायरी तीन.

मग अल्टरनेटर बंद करा. इग्निशन किंवा फॅडेकचा काही लाइट येतो का, इंजिनच्या आवाजात फरक पडतो का, गिअर पंप किंवा फ्लॅपसारखा मोठा लोड आल्यावर व्होल्टेज किती खाली बसतं हे बघा. गिअर जमिनीवर उचलायचा नाही हे सांगायला नको, ती टेस्ट विमान जॅकवर असताना बाहेरच्या मीटरने करतात.

रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सेटिंग) उघडून ऐका, इग्निशनची टिकटिक किंवा पंपाची गुणगुण येत असेल तर शील्डिंग तपासा. कंपास स्विंग (होकायंत्राची चूक मोजणं) परत करा आणि सगळी हीट चालू असताना सुईची दिशा बदलते का तेही बघा.

इशारा: या टेस्टने बॅटरी उतरते. ती पूर्ण भरल्याशिवाय उडू नका. जंप स्टार्ट देऊन त्याच दिवशी निघणं म्हणजे श्पायरचीच तयारी.

## ९. टेस्ट फ्लाइट, कागद आणि पहिले दोन महिने

पहिलं उड्डाण कोरड्या हवेत, दिवसा. पॅनल किंवा बूट बसल्यावर स्टॉल बदलू शकतो, म्हणून पुरेशा उंचीवर, इंजिनिअरशी बोलून, अनुभवी पायलटबरोबर स्टॉल वॉर्निंग नेमकं कुठे वाजतं ते बघा. फ्लुइड हवेत चालू करून दोन्ही पंखांवर सारखं पसरतंय का बघा.

उतरल्यावर वजन आणि बॅलन्सची नवी शीट, दोन्ही एएफएम (फ्लाइट मॅन्युअल) सप्लिमेंट विमानात, प्लॅकार्ड (सूचनांच्या पट्ट्या) जागेवर, मेंटेनन्सच्या सूचना लॉगमध्ये. नो हॅझार्ड सिस्टिमला "बर्फात उडायला मनाई" असं प्लॅकार्ड असतं, ते कोणाच्या तरी बॅगमागे लपलेलं नको.

मग एक छोटं कार्ड बनवून समोर लावा, अल्टरनेटर गेला तर काय कुठल्या क्रमाने बंद करायचं. पहिली ओळ स्विचची नाही, पहिली ओळ "बर्फातून बाहेर पडायला वळा" अशी हवी. प्रोपेलर हीट फार खाते, टीकेएसचा पंप त्या मानाने फार थोडं, म्हणून काय शेवटपर्यंत ठेवायचं हे आधीच शांतपणे ठरवा.

बर्फात सापडल्यावर ऑटोपायलट सोडून हाताने उडवा, तो जड होत चाललेलं विमान गुपचूप सांभाळत बसतो आणि एकदम हातात देतो. लीडिंग एजवर जाड्याभरड्या सँडपेपरइतका खरखरीतपणा आला तरी लिफ्ट ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, आणि अशा वेळी स्टॉल वॉर्निंगच्या आधीच स्टॉल येऊ शकतो. सप्लिमेंटमध्ये कमीत कमी आयसिंग स्पीड दिलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका, आणि शेपटीवर बर्फ असेल तर फ्लॅप पूर्ण टाकू नका.

टीकेएस महिन्यातून एकदा तरी चालवा, उन्हाळ्यात सुद्धा, नाहीतर पॅनल सुकतात आणि गरजेच्या वेळी ओले व्हायला फार वेळ घेतात. चालवल्यावर खाली जमीन निसरडी होते, पुसून घ्या. २५ तासांनी काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडा, इग्निशनचे कनेक्टर, ग्राउंड स्ट्रॅपचे बोल्ट आणि मॅनिफोल्ड प्रेशरची नळी हाताने हलवून बघा, आणि स्टार्टर फिरवून केलेली ती व्होल्टची टेस्ट परत करून आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहा.